चार रकान्यांचे इंग्रजी

दिवाळीच्या सुटीत मुलांनी काय करावे ह्याविषयी पूर्वी फारसे मतभेद नव्हते. किल्ला करावा, चिखलात कोपरापर्यंत हात बरबटून घ्यावेत, चकलीचा डबा उघडताना आजीच्या हाती सापडू नये, आणि सुटी संपायच्या आदल्या रात्री निबंधाची वही शोधत घर डोक्यावर घ्यावे. आता बारामतीपासून इंदापूरपर्यंत कोणाच्याही ओसरीवर जा, किल्ल्याशेजारी एक लांबट वही पडलेली दिसते. पट्टीने उभ्या रेघा मारून तिच्या पानाचे चार रकाने केलेले असतात: शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. कोठे कोठे 'वाक्यात उपयोग' असा पाचवाही असतो; पण तो पानाच्या कडेला चेपलेला असतो, आणि चौथ्या दिवसापासून कोराच राहतो. रोज दहा शब्द, असा हुकूम असतो. एकवीस दिवसांची सुटी धरली तर दोनशे दहा झाले. बाप कौतुकाने सांगतो, "पोरीला आत्ताच पाचशे शब्द पाठ आहेत, कुठलाही विचारा!" मी विचारीत नाही. चार माणसांत बापाचा विरस कशाला करा?

पण लेखणी हातात असताना असा संकोच बाळगण्याचे कारण नाही, म्हणून माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ही वही इंग्रजी शिकवीत नाही. इंग्रजी आल्याचा भास तेवढा निर्माण करते, आणि ज्या घरांना तो भास परवडत नाही अशाच घरांना ती तो विकते. मी ह्याच पट्ट्यात, बहुतेक काळ इंदापूर तालुक्यातल्या माध्यमिक शाळांतून, तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्या भाषेवर माझे घर चालले, तेव्हा मला तिचा वैरी कोणी म्हणू नये. इंग्रजीमुळे मराठी बुडाली अशी हाकाटी करणाऱ्यांच्या दिंडीतही मी टाळ घेऊन उभा नाही. माझे भांडण आहे ते पट्टीने मारलेल्या त्या उभ्या रेघांशी.

समानार्थीचा रकाना घ्या. 'जर्नी' ह्या शब्दापुढे गाइडात 'ट्रिप, टूर, ट्रॅव्हल, व्हॉयेज' अशी रांग असते, आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह. आता तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस घोड्याचे. ह्या वाटेवरच्या कोणत्याही पोराला सांगून पाहा की 'वारी' म्हणजे 'सहल', 'सहल' म्हणजे 'दौरा' आणि 'दौरा' म्हणजे 'खेप'. ते पोर तुम्हांला हसेल. दौरा पुढाऱ्याचा असतो, खेप उसाच्या गाडीची असते, सहल शाळेची आणि वारी आजीची. हे त्याला कोणी रकाना आखून शिकवलेले नाही. चार शब्द चार ठिकाणी ऐकले आणि त्याने आपोआप चार खुंट्यांवर टांगले. मायबोलीत इतके तल्लख असलेले हेच पोर इंग्रजीच्या तासाला "मी एस.टी.ने बारामतीला व्हॉयेज केली" असे लिहिते, आणि ते मूर्ख आहे म्हणून लिहीत नाही. बरोबरीचे चिन्ह आपण छापून दिले, त्याने त्यावर विश्वास ठेवला. व्हॉयेज हा समुद्रावरचा लांबचा प्रवास. उजनीच्या फुगवट्यात भिगवणजवळ होडीत बसून रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यालासुद्धा तो शब्द अंगापेक्षा मोठाच होईल.

विरुद्धार्थीची कथा ह्याहून गमतीची आहे. म्हातारा बैल 'ओल्ड' आणि जुना नांगरही 'ओल्ड'. पण उलट बाजूस गेलो की बैल 'यंग' होतो आणि नांगर 'न्यू'. 'न्यू' बैल म्हणजे बाजारातून काल आणलेला, मग तो बारा वर्षांचा का असेना! 'फ्रेश'च्या उलट 'स्टेल' असे गाइड सांगते, आणि ते भाकरीपुरते खरे आहे. पण नीरा खोऱ्यात कालव्याच्या पाण्याने ज्यांची रानं चोपण झाली आणि विहिरी मचूळ झाल्या, त्यांच्या घरात 'गोडे पाणी' हा शब्द रोजचा आहे. ह्या गोड्या पाण्याला इंग्रज 'फ्रेश वॉटर' म्हणतो, आणि त्याची उलट बाजू शिळे पाणी नसून खारे पाणी आहे. शब्दाला विरुद्धार्थ असतो असे आपण समजतो, पण विरुद्धार्थ असतो तो शब्दाच्या एकेका उपयोगाला. उपयोग तर पाचव्या रकान्यात, आणि तो रकाना कोरा!

आता अर्थाचा रकाना. येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण ह्या दोन तालुक्यांना इंग्रजी शब्दांचा जो अनुभव आहे तो महाराष्ट्रात फार थोड्यांना असेल.

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. पाण्याबरोबर त्याने शब्द आणले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. १९०० च्या सुमारास त्यांनी ह्या नीरा कालव्यावर पाणीवाटपाची 'ब्लॉक' पद्धत बसवली. जमिनीचा ठरलेला तुकडा, त्यातल्या ठरावीक भागातच ऊस, बाकीच्यात इतर पिके, आणि इतक्या वर्षांसाठी पाण्याची हमी. ज्याला सहीऐवजी अंगठा उठवावा लागे तो शेतकरीही 'ब्लॉक' म्हणजे काय हे पुरते जाणत होता. कोशात पाहिले तर ब्लॉक म्हणजे लाकडाचा ठोकळा! त्या शेतकऱ्याने कोश पाहिला नाही म्हणूनच त्याला शब्द आला, असे मी विनोदाने म्हणत असे; पण त्यात विनोद थोडा आणि सत्य बरेच होते. पुढे 'रोटेशन' आले, 'मायनर' आली, 'टेल' आले.

'टेल' ह्या शब्दाविषयी तर एक स्वतंत्र लेख होईल. गाइडात टेल म्हणजे शेपूट, आणि विरुद्धार्थी 'हेड'. इंदापूर तालुक्यात टेल म्हणजे कालव्याचा शेवट. टेलचा शेतकरी म्हणजे ज्याच्या वरच्या बाजूस मैलोगणती ऊस उभा आहे, ज्याने सात नंबरचा फॉर्म वेळेवर भरला आहे, आणि तरीही आवर्तन संपता संपता ज्याच्या चारीत पाण्यापेक्षा आश्वासनच जास्त येते, तो. 'टेल टु हेड पाणी द्या' ही मागणी तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत साऱ्यांनी ऐकलेली आहे. त्या मागणीतले सारे शब्द रांगडी म्हातारी माणसे बिनचूक वापरतात. मधला 'टु' हा 'पासून-पर्यंत' सांगतो हे व्याकरणसुद्धा त्यांना उमगलेले असते. त्यांचाच नातू वर्गात उठून 'टेल म्हणजे शेपूट' असे ठणकावून सांगतो आणि खाली बसतो. आजोबांचा शब्द आणि आपला शब्द एकच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. शाळेने त्याच्या घरातले इंग्रजी बाहेर काढले आणि गाइडातले आत घातले.

'रिकव्हरी'चे तसेच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ह्या कारखान्यांच्या परिसरात ह्या एका शब्दाचे तीन अर्थ नांदतात. दवाखान्यात रोगी रिकव्हर होतो, सोसायटीत कर्जाची रिकव्हरी होते, आणि कारखान्यात उसाचा साखर-उतारा म्हणजे रिकव्हरी. तिसऱ्या अर्थावर वर्षाची कमाई ठरते: २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा एफआरपी जाहीर केला, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. ह्या एफआरपीतला 'एफ' म्हणजे 'फेअर', रास्त. गाइडात फेअर म्हणजे गोरा, समानार्थी 'ब्युटिफुल', विरुद्धार्थी 'डार्क'. (गोरेपणा विकणाऱ्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० साली आपल्या नावातून हा शब्द काढून टाकला. गाइडांना अजून ती लाज वाटलेली नाही.) ज्या मुलीचा बाप रास्त दरासाठी कारखान्याच्या फाटकाशी ठिय्या देऊन बसला आहे, ती घरी बसून 'फेअर म्हणजे गोरा' असे घोकते आहे. ह्याला शब्दसंग्रह म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

इथवर कोणी म्हणेल, अर्थ थोडा इकडचा तिकडे झाला, त्यात कोणाचे काय बिघडले? बिघडते. ह्या भागात द्राक्षे आहेत, डाळिंबे आहेत, आणि त्यांवर फवारण्या आहेत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे औषधाच्या प्रत्येक डब्यावर रंगाची खूण लागते. अतिजहाल विषाला लाल रंग, कवटी आणि हाडे, नि 'पॉयझन' हा शब्द. त्याखालच्या पायरीला पिवळा रंग आणि पुन्हा 'पॉयझन'. त्याखाली निळा, आणि शब्द 'डेंजर'. सर्वांत खाली हिरवा, आणि शब्द 'कॉशन'. म्हणजे हे तीन शब्द एका उतरंडीवर आहेत. कोणता शब्द छापला आहे त्यावरून किती सावध राहायचे ते ठरते. रकान्यांच्या वहीत 'डेंजर' आणि 'कॉशन' जवळजवळ सख्ख्या बहिणी असतात, दोघींच्या अर्थाला 'धोका' नाहीतर 'सावधगिरी' असेच काहीतरी लिहिलेले असते. मी एकदा नववीच्या वर्गात विचारले, "दोन डबे आहेत. एकावर कॉशन, एकावर डेंजर. कोणता जास्त वाईट?" शब्द साऱ्यांना पाठ होते. उत्तर एकाचेही ठाम नव्हते. त्या वर्गातली निम्मी मुले सुटीच्या दिवशी बापाबरोबर पंप पाठीला लावीत होती.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. माझे एक विद्वान स्नेही मला म्हणाले, "तुम्ही पाठांतरावर तोंडसुख घेता, पण आपली परंपरा काय सांगते? अमरकोश काय होता? मुले तो तोंडपाठ करीत. आणि तुमच्या बारामतीचे मोरोपंत? पर्यायी शब्दांचे एवढे भांडार दुसऱ्या कोणा मराठी कवीपाशी होते?"

प्रश्न चांगला आहे. अमरकोश पाठ करीत हे खरे. पण तो श्लोकांत होता, म्हणजे गाता येत होता, आणि त्याची मांडणी वर्गांची होती. स्वर्गातले एकीकडे, वनस्पती एकीकडे, माणसे एकीकडे. 'ए'पासून 'झेड'पर्यंत एकमेकांना न ओळखणाऱ्या शब्दांना एका दोरीत बांधलेले नव्हते. शिवाय ज्याला काव्यशास्त्र पढायचे त्याच्यासाठी तो होता, आणि तो पाठ होता होताच विद्यार्थी रघुवंशाला हात घाली; म्हणजे शब्दाला लगेच घर मिळे. मोरोपंतांचे म्हणाल तर ते १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले, पुढे बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले, आणि १७९४ साली तेथेच वारले. त्यांनी जी एकशे आठ रामायणे रचली असे म्हणतात त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे ओठ मिटून उच्चारावी लागणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे ज्यात येऊ द्यायची नाहीत असे. आता रामाच्या नावातच 'म' आहे! नायकाचे नाव न घेता त्याची कथा सांगायची, तर पर्यायाशिवाय पाऊल टाकता येईल का? पंतांना पर्यायी शब्द लागत होते म्हणून ते त्यांच्यापाशी होते. सुताराकडे सोळा पटाशा असतात त्या सोळा कामांसाठी. आपण काय करतो? हातात लाकूड न देता पटाशा मोजून घेतो, आणि त्या मोजदादीचे गुण देतो.

आणि परकी भाषा शिकणारे परके काय करीत होते तेही पाहा. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. आजही तो उघडला तर शब्दापुढे नुसता अर्थ नसतो. तो शब्द कोण, कसा, कोणत्या क्रियापदाबरोबर वापरतो हे असते, म्हणी असतात, लोकांच्या तोंडचे तुकडे असतात. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने बंगालात, डाक्क्याकडे, मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता ध्यानात घेतले की ह्यांना फार शब्द नकोत, नेमके शब्द हवेत. १९५३ साली त्याने सुमारे दोन हजार शब्दांची यादी काढली. प्रत्येक शब्दाच्या कोणत्या अर्थाचे किती काम पडते हेही तिच्यात मोजून दिले. साध्या इंग्रजी मजकुराचा चार पंचमांश भाग असल्या दोन हजार शब्दांत उरकतो. आमच्या वहीत 'मॅग्नॅनिमस' असतो, 'लोक्वेशस' असतो, आणि 'गेट' ह्या एका क्रियापदाचे दहा उपयोग मात्र नसतात. कारण 'गेट'ला विरुद्धार्थी शब्द सांगता येत नाही. ज्याचा रकाना भरत नाही तो शब्द वहीत येतच नाही!

म्हणून मला वाटते, ही वही टिकली आहे ती शिकवण्यासाठी सोयीची म्हणून नव्हे, तपासण्यासाठी सोयीची म्हणून. साठ मुलांच्या वर्गात साठ वाक्ये वाचायची तर शिक्षकाचा जीव जातो. साठ रकाने तपासायला लाल पेन आणि अर्धा तास पुरतो. मी हे शिक्षकांना हिणवायला लिहीत नाही. जनगणना, मतदार याद्या आणि शासनाचे तक्ते सांभाळून ज्याला वर्ग सांभाळायचा आहे, तो रकान्याला शरण गेला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? गाइड छापणाऱ्याला मात्र देता येईल. यादी छापायला लेखक लागत नाही. पालकांना यादी आवडते, कारण ती घेता येते, "म्हण बघू!" असे म्हणता येते, स्वतःला इंग्रजी येत नसले तरी. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हापासून ही 'म्हण बघू' सहा वर्षांच्या पोरापर्यंत पोचली. बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या कडेला 'इंटरनॅशनल' पाट्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या आत काय शिकवतात ते मी पाहिलेले नाही, पण सुटीचा अभ्यास पाहिला आहे, आणि त्यात त्याच चार रेघा आहेत.

परीक्षेत समानार्थी-विरुद्धार्थी विचारतात त्याचे काय, असे पालक विचारतात. शिष्यवृत्तीत विचारतात, बँकेच्या नि सरकारी नोकरीच्या परीक्षांत विचारतात, हे खरे आहे. नॉर्मन लुईस ह्यांचे १९४९ सालचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे पुस्तक अजून स्पर्धापरीक्षावाल्या पोरांच्या उशाशी असते ते उगाच नव्हे. पण ते पुस्तक इंग्रजी ज्यांची मायबोली आहे अशा मोठ्या माणसांसाठी लिहिलेले आहे. त्यांच्यापाशी वाक्ये आधीच होती, शब्द कमी पडत होते. आमच्या पोरापाशी शब्द आहेत आणि वाक्य एकही नाही. त्यातून ज्याने वाक्ये वाचली आहेत त्याला परीक्षेतला समानार्थी शब्द बहुधा सुचतो. ज्याने समानार्थी पाठ केले आहेत त्याला वाक्य सुचल्याचे मी तीस वर्षांत पाहिले नाही.

मग करायचे काय? मी काय केले ते सांगतो. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी आठवीच्या वर्गाला सांगितले की गाइड घरी ठेवा आणि घरात, रानात, रस्त्यावर जे इंग्रजी अक्षर दिसेल ते उतरून आणा. शब्द एकटा आणायचा नाही, त्याच्या शेजाऱ्यांसकट आणायचा. खताची गोणी आली, औषधाच्या डब्यावरचा कागद आला, मोटारीच्या स्टार्टरवरची पाटी आली, कोणी विजेचे बिल आणले. आणि एका मुलीने उसाच्या वजनाची पावती आणली. तिच्यावर तीन ओळी होत्या: ग्रॉस, टेअर, नेट. वर्गात 'नेट'चा अर्थ सर्वांना ठाऊक होता: जाळे, आणि मोबाइलवरचे नेट. 'ग्रॉस' एकाला ठाऊक होता, त्याने 'किळसवाणा' असा सांगितला, आणि गाइडाप्रमाणे तो बरोबरही होता. 'टेअर' कोणालाच नव्हता. मी काहीच सांगितले नाही. आकडे फळ्यावर लिहिले. पहिल्यातून दुसरा वजा केला की तिसरा येतो हे मागच्या बाकावरच्या एका मुलाने सांगितले, जो इंग्रजीत दर वेळी नापास होत असे आणि ज्याचा बाप ट्रॅक्टर चालवीत असे. भरलेली गाडी, रिकामी गाडी, आणि उरला तो ऊस. पैसे कशाचे मिळतात? नेटचे. मग रिकामी गाडी जास्त वजनाची दाखवली तर? वर्ग एकदम गप्प झाला, आणि मग सगळे एकाच वेळी बोलू लागले. त्या दिवशी मुलांनी वहीत इंग्रजी वाक्ये लिहिली, कोणाची तीन, कोणाची पाच. क्रियापदे चुकली होती, पण एकाही मुलाने दुसऱ्याचे पाहून लिहिले नव्हते. प्रत्येकाच्या घरचा आकडा वेगळा होता.

मुख्याध्यापकांनी वह्या मागवल्या. भला माणूस होता. पाने उलटून त्यांनी विचारले, "रकाने कुठे आहेत?" मी म्हणालो, नाहीत. "मग ह्याला गुण कसे द्यायचे? आणि 'नेट'चा विरुद्धार्थी काय लिहून घेतलात?" मी सांगितले, 'ग्रॉस'. त्यांनी कपाटातले गाइड काढले, ऐनकेची काच पुसून पान शोधले, आणि वही मला परत देत म्हणाले, "यात तसे दिलेले नाही."